चूक पूर्ववत करण्याबाबत

आमच्या कार्डावरची चूक सरकारनं पहिल्याच अर्जात दुरुस्त केली. सरकारनं काहीही पहिल्याच अर्जात केल्याची आमच्या घराण्यातली ही एकमेव नोंद आहे. आता ही दोन वाक्यं विसरा. दुरुस्ती झालेली नाही, अर्ज केलेला नाही, कुणाला काही झालेलं नाही. श्रावणातला रविवार आहे, सांगलीतलं आमचं दोन खोल्यांचं घर आहे, आणि आत्या जमिनीवर बसून डाळिंब्या सोलते आहे. ती ठणठणीत आहे आणि कागदोपत्री माझ्या वडिलांची बायको आहे.

"वाच परत," आत्या म्हणाली.

मी नवं सरकारी आरोग्य कार्ड वाचलं. "यशवंत विठ्ठल कणसे, निवृत्त कर्मचारी. मालन विठ्ठल कणसे, पत्नी. धैर्यशील यशवंत कणसे, मुलगा."

"दोघांच्या बापाचं नाव विठ्ठल. त्या टाइप करणाऱ्याला काहीच वाटलं नाही?"

"त्याला वाटलं असेल, योगायोग."

"माझा फोटो तरी नीट आलाय?"

"बायकोसारखा आलाय."

आत्यानं एक डाळिंबी माझ्या दिशेनं फेकली. अण्णा, म्हणजे माझे वडील, खिडकीपाशी बसले होते. त्यांच्या मनगटावर दोनच दिवसांपूर्वी त्यांच्या पत्नीनं बांधलेली राखी होती.

हे कसं झालं ते सांगतो. माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली. आत्या तेव्हा विट्याला बालवाडी चालवायची. लग्न तिनं केलं नव्हतं. आईच्या दिवसकार्यासाठी म्हणून ती आली आणि तेराव्याला परत जाणार होती. कोणत्या तेराव्याला, हे तिनं स्पष्ट केलं नव्हतं. अण्णा निवृत्त झाले तेव्हा तिला आमच्याकडे येऊन वीसेक वर्षं झाली होती आणि तिची पिशवी अजून, तिच्या म्हणण्याप्रमाणे, "भरायचीच बाकी" होती. निवृत्तीच्या वेळी अण्णांनी आरोग्य कार्डाच्या अर्जाला रेशनकार्डावरच्या सगळ्यांचे कागद प्रामाणिकपणे जोडले. तिकडे कुणीतरी बघितलं, एक पुरुष, एक बाई, एक मुलगा, आडनाव एक, पत्ता एक. त्यानं आमचं कुटुंब पूर्ण करून टाकलं.

"दैव देतं आणि कर्म नेतं," मगदूम म्हणाले. "साहेब, तुम्ही कर्म करू नका."

बाहुबली मगदूम हे विमा एजंट. नावाशी त्यांचा काही संबंध नव्हता. पंखा मोठा केला की ते खुर्चीचा हात धरत. अण्णा वजनमापं खात्यात निरीक्षक होते आणि कधीकाळी त्यांनी मगदुमांच्या वडिलांच्या किराणा दुकानातलं दोन किलोचं वजन जप्त केलं होतं. दुकान पुढं बसलं, मगदूम विम्यात आले. मनात काही ठेवलं नव्हतं. उलट म्हणायचे, या धंद्यात बरं आहे, साहेबांना जप्त करायला काही सापडत नाही.

त्या रविवारी ते अण्णांना सरकारी कार्ड सोडायला लावायला आले होते. निवृत्त माणसाला तेव्हा दोनांतला एक पर्याय घ्यायचा होता. एक तर हे कार्ड, नाहीतर दरमहा औषधपाण्याचा भत्ता घेऊन स्वतःची खाजगी पॉलिसी. अण्णांनी कार्ड घेतलं होतं, पण बदलायला दिवाळीपर्यंत मुदत होती. मगदुमांची दिवाळी त्यावरच होती.

"फरक सांगतो," मगदूम म्हणाले. "सरकारी कार्ड म्हणजे एसटी. सगळ्यांना घेते. कसलाही आजार असो, पहिल्या दिवसापासून घेते. फक्त कधी येईल आणि बसायला मिळेल का, ते विचारायचं नाही. खाजगी पॉलिसी म्हणजे आरामबस. गार हवा, पाण्याची बाटली, वेगळी खोली. पण चढताना दारात बघणार, तुम्ही आजारी तर नाही ना."

"आजारी माणसाला विमा नाही?" मी विचारलं.

"आहे की. आजार सोडून बाकीच्याचा आहे."

"आणि आजार आधीपासून असला तर?" हे आत्यानं विचारलं, डाळिंब्यांकडे बघत.

"मग त्या आजारापुरतं तीन वर्षं थांबायचं. चौथ्या वर्षी त्याला परवानगी."

"तीन वर्षं?" आत्या म्हणाली. "एवढा वेळ कुणाकडं आहे, मगदूम."

आम्ही सगळे हसलो. मगदूम सगळ्यांत जास्त हसले, कारण चहा अजून यायचा होता.

"पण आता माझा सल्ला वेगळा," ते म्हणाले, आणि कार्ड त्यांनी दोन बोटांत धरलं. "हे कार्ड बघितल्यावर माझी पॉलिसी मीच घेणार नाही. सरकारी कार्डात बहीण बसत नाही. कुटुंब म्हणजे आपण, बायको, मुलं. खाजगीत ताईंची वेगळी पॉलिसी काढावी लागेल, या वयात, तपासणी करून. आणि इथं तुम्हाला फुकटात बसवून दिलीय. कुणी मागितलं होतं? नाही. तुम्ही खोटं लिहिलंत? नाही. गप्प बसा. एजंट असून सांगतोय, यावरून विचार करा."

"कार्डावर बायको आणि हातावर राखी," मी म्हणालो.

"राखी काढून ठेवायची दवाखान्यात जाताना. त्यात काय."

सगळ्यांनी अण्णांकडं बघितलं. ते काय म्हणणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते ठाऊक का होतं त्याला वांग्याचा प्रसंग कारण आहे.

आमच्या घरी पितळेचा तराजू आहे. अण्णा बाजारातून आले की भाजी त्यात घालायचे. कमी भरली की परत जायचे, हे कुणीही समजू शकेल. पण जास्त भरली तरी परत जायचे. एकदा अर्ध्या किलोच्या जागी एक वांगं जास्त आलं, तेव्हा ते भर उन्हात गणपती पेठेपर्यंत चालत जाऊन ते वांगं परत देऊन आले. भाजीवाली म्हणाली, राहू द्या हो साहेब. अण्णा म्हणाले, जास्त हेसुद्धा खोटंच वजन. ती बाई त्यानंतर आम्हाला बघितलं की आधी देवाचं नाव घ्यायची आणि मग मापायची.

तर आम्ही सगळे त्या वांग्याची वाट बघत होतो. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"बघू," ते म्हणाले.

आत्याचा हात डाळिंब्यांत थांबला. मी अण्णांच्या तोंडून 'बघू' हा शब्द त्याआधी ऐकला नव्हता. कार्ड त्यांनी उचललं, कपाटात ठेवलं, आणि किल्ली शोधू लागले. आमच्या कपाटाला कुलूपच नव्हतं.

त्यानंतरचा आठवडा अण्णा घरात चोरीचा माल असल्यासारखे वागले. दाराची बेल वाजली की कपाटाकडं बघायचे. जेवताना मध्येच थांबायचे. एकदा मला म्हणाले, "समजा, कुणी विचारलंच, तर आपण म्हणू शकतो की आमच्या लक्षात आलं नाही." मी म्हणालो, "काय लक्षात आलं नाही? तुमचं लग्न?" ते उठून गेले.

मला ते बरं वाटत होतं. ते गैर वागायला शिकत होते, आणि तेही आत्यासाठी. उतारवयात माणसानं काहीतरी नवीन शिकावं.

शनिवारी सकाळी ते भाजी घेऊन आले आणि पिशवी तशीच ओट्यावर ठेवली. तराजू काढला नाही. आत्यानं पिशवीकडं बघितलं, मग तराजूकडं, मग त्यांच्याकडं.

"यशवंता, सोमवारी जाऊन ते कार्ड दुरुस्त करून आण."

"मगदूम म्हणतात ते अगदीच चूक नाही, आक्का."

"मगदूम म्हणतात त्यात एकच गोष्ट बरोबर असते, ती म्हणजे साखर दोन चमचे."

"तुझं वय काय, माझं वय काय. उद्या काही झालं तर?"

"मला काय होतंय. गुडघे दुखतात. तू दुखतोस मधनंमधनं."

"राहू दे गं. आपण काही मागायला गेलो नव्हतो."

"वांगंपण मागितलं नव्हतंस."

अण्णा पिशवीचे बंद आवळू लागले.

"वांगं परत करणारा माणूस तू," आत्या म्हणाली. "मला ठेवून घेणार? आणि तेही वहिनीच्या जागी लिहून?"

अण्णांनी तराजू काढला आणि गवार तोलायला घेतली. त्या दिवशी ते पोटभर जेवले. आत्या जेवली नाही. म्हणाली, शनिवार आहे. शनिवारचा उपवास ती करत नसे, पण आमच्या घरी देवाच्या बाबतीत सविस्तर चौकशी करायची पद्धत नव्हती.

सोमवारी आम्ही तिघंही कार्यालयात गेलो. आत्याचं येणं गरजेचं होतं, कारण आपण पत्नी नाही हे पत्नीनं समक्ष येऊन सांगायचं होतं.

खिडकीमागं घोरपडे मॅडम होत्या. तरुण होत्या, नेटक्या होत्या, आणि त्यांच्या टेबलावर तुळशीचं लहानसं रोप होतं. त्यांनी कार्ड बघितलं.

"पत्नी कमी करायची आहे?"

"पत्नी नाहीच," अण्णा म्हणाले. "चूक कमी करायची आहे."

"मग या कोण?"

"बहीण."

"आणि पत्नी?"

"वारली. हा चार वर्षांचा होता."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी शक्य तेवढा चार वर्षांचा चेहरा केला.

"अहो, पण कमी करताना कारण द्यावं लागतं," त्या पडद्याकडं बघत म्हणाल्या. "इथं तीनच येतात. मृत्यू, घटस्फोट, इतर. चूक असं येत नाही."

"चूक झाली तर तुम्ही काय करता?"

"चूक झाली असं येत नाही ना."

"घटस्फोट टाका," आत्या म्हणाली. "वीस वर्षं याचं ऐकून घेतलं, तेवढा हक्क आहे माझा."

मॅडम हसल्या. मग हसू आवरून त्यांनी मान खिडकीच्या जवळ आणली आणि आवाज खाली घेतला.

"काका, एक सांगू? बहीण यात बसत नाही. आज हे नाव काढलं की परत कुठल्याच रकान्यात घालता येणार नाही. मी हे कार्ड बघितलंच नाही असं समजते. तुम्ही घरी जा."

अण्णांचा हात अर्जावर होता. तो हात उचलला गेला. मी शपथेवर सांगतो, तो कागद परत घेण्यासाठी उचलला गेला होता. आत्यानं त्या हातावर आपला हात ठेवला, राखीवर, आणि अर्ज खिडकीच्या आत सरकवला.

"करा बाई," ती म्हणाली. "माझा भाऊ आहे तो."

मॅडमनी 'इतर' निवडलं.

परत येताना आत्यानं भडंग खायला घातलं. फार खुशीत होती. जिना उतरताना मात्र ती मधल्या पायरीवर बसली, चप्पल चावतेय म्हणाली, आणि बराच वेळ बसली. अण्णा खाली उभे राहून तिला म्हणाले, "घटस्फोटित बायका अशा रस्त्यात बसत नाहीत." अण्णांनी केलेला हा पहिला विनोद. आत्या एवढी हसली की तिला पोट धरावं लागलं.

मगदूम त्या आठवड्यात चहाला आले. दुरुस्तीचं कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला, मग लगेच आत्याच्या वेगळ्या पॉलिसीसाठी बॅग उघडली. "ताई, आधीचा काही आजार?" त्यांनी विचारलं. अण्णा पेन उघडून बसले होते, खरं उत्तर लिहायला. आत्यानं त्या पेनाकडं बघितलं.

"मला पॉलिसी नको."

"आक्का, मी हप्ते भरतोय की."

"नको म्हटलं ना. मगदूम, चहा घ्या, आणि धैर्याची काढा एखादी. हा कधी पडेल काही सांगता येत नाही. याचं लक्ष नसतं."

ती पडली. नवरात्रात, घटाला पाणी घालताना.

मिरजेला नेलं. मिरजेला दवाखाने एवढे आहेत की तिथं माणूस आजारी पडला तर त्याला निवडता निवडताच बरं वाटतं, असं मी रिक्षात म्हणालो. आत्या डोळे मिटून हसली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिला बघितलं आणि म्हणाले, "अहो, तुम्ही आलात? मी वाट बघत होतो. भावाला विचारून येते म्हणाला होतात."

अण्णा तेव्हा बाहेर कागद भरत होते. आत मी होतो.

संध्याकाळी अण्णा औषधं आणायला खाली गेले. मी कॉटशेजारच्या स्टुलावर बसलो. शेजारच्या कॉटवरची आजी मोसंबी खात आमच्याकडं बघत होती, म्हणून आत्या हळू बोलत होती.

"मिरजेत माझी कोण मैत्रीण आहे?" तिनं विचारलं.

"शकुंतलाबाई. उन्हाळ्यापासून सारखी जात होतीस."

"कधी बघितलीस तिला?"

"नाही."

"मीपण नाही."

मी स्टूल कॉटच्या आणखी जवळ ओढलं.

"आखाडात कळलं," ती म्हणाली. "पोटात गाठ आहे, कॅन्सरची. हा डॉक्टर म्हणाला, लगेच सुरू करू, नीट वेळ मिळेल. किती ते सांगेना. मी म्हटलं, भावाला सांगून येते. रोज सकाळी उठायचे, म्हणायचे आज सांगते. आणि ते कार्ड आलं."

"मग चांगलंच झालं होतं की. ते पहिल्या दिवसापासून चालतं. एसटी."

"हो की. माझ्यासाठीच थांबली होती दारात."

"मग? चूक त्यांनी केली होती, आत्या. आपण नाही."

"चूक त्यांची. सही कुणाची?" तिनं उशीवर मान वळवली. "इथं पहिल्याच कागदावर विचारतात, रुग्णाचे आपण कोण. त्यानं नवरा लिहिलं असतं. मला सांगितलं असतं तर लिहिलंच असतं, धैर्या. बघितलंस ना, 'बघू' म्हणाला तो. भाजी तोलायचा थांबला. माझ्या दुखण्याचं माहीत नसताना एवढं, तर माहीत झाल्यावर काय केलं असतं? प्रत्येक कागदावर नवरा लिहिलं असतं. आणि मग ते खोटं घेऊन बाहेरच्या बाकावर बसला असता, आणि तिथनं उठला नसता परत कधी."

"आता तरी काय होणार आहे?"

"आता भाऊ लिहिलंय. जा, बघून ये. किती सुरेख अक्षर काढलंय."

आजीनं मोसंबीची एक फोड मला पुढं केली. मी घेतली. आत्या म्हणाली, "बिया बाहेर टाक," जसं मी चार वर्षांचा असल्यापासून म्हणायची.

"अण्णांना सांगू?"

"मी असताना नको. नंतर सांग, मला सगळं माहीत होतं म्हणून. नाहीतर म्हणेल, मी त्याच्या दुरुस्तीनं गेले."

गरिबांसाठीची एक योजना होती, तिच्यात आम्ही अण्णांच्या पेन्शनमुळं बसत नव्हतो. खाजगी विम्याचा आता प्रश्नच नव्हता. मगदूम रोज डबा घेऊन यायचे आणि बॅग बाहेर ठेवून आत यायचे. अण्णांनी विट्याचा प्लॉट विकायला काढला. आत्यानं कॉटवरून गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं की त्या प्लॉटवर एक बाई फिरते, पांढऱ्या साडीत, अमावस्येला. गिऱ्हाईक पळालं. अण्णांनी दुसरं शोधलं. आत्यानं त्याला सांगितलं की बाई आता पौर्णिमेलाही फिरते.

उपचार सुरू झाले, पण डॉक्टर आता वेळेबद्दल बोलत नव्हते.

कोजागिरीच्या आधी एके सकाळी अण्णा मला म्हणाले, "चल." कुठं ते सांगितलं नाही. धुतलेला शर्ट घातला होता, वरचं बटण लावलं होतं. आम्ही घोरपडे मॅडमच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहिलो. तुळशीला मंजिऱ्या आल्या होत्या.

"काका," मॅडम म्हणाल्या. त्यांना आम्ही आठवत होतो. पहिल्या अर्जात काम झालेली माणसं तिथंही विरळा असणार.

"ते आधीचं होतं तसं करायचं आहे," अण्णा म्हणाले.

"आधीचं म्हणजे?"

"म्हणजे जी चूक होती ती."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी या वेळी कुठलाच चेहरा केला नाही.

"काका, ताई कुठंयत?"

"मिरजेला. दवाखान्यात." अण्णांनी खिडकीच्या कडेला हात ठेवला. "तुम्ही म्हणाला होतात ना, मी बघितलंच नाही असं समजते. तसं समजा. मी खोटं लिहून देतो. माझ्या अक्षरात देतो. माझी बायको आहे ती, असं लिहून देतो. कुणी विचारलं तर माझ्यावर केस करा."

राखी अजून हातात होती. गोंडा गळला होता, रंग धुऊन गेला होता, पण दोऱ्याचा लाल पट्टा होता. मॅडम त्या पट्ट्याकडं बघत होत्या. अण्णांच्या ते लक्षात आलं. त्यांनी हात खाली घेतला नाही.

"चूक दुरुस्त करायला अर्ज असतो, काका," त्या फार हळू म्हणाल्या. "दुरुस्ती परत चुकवायला नसतो. मी खरंच शोधते. पण नसतो."

त्यांनी खरंच शोधलं. आमच्यामागं रांग लागली, कुणीतरी ओरडलं, तरी त्या पडद्यावर वर खाली करत राहिल्या. मग त्यांनी मान हलवली.

आम्ही मिरजेला पोचलो तेव्हा आत्या जागी होती.

"कुठं गेला होतास?" तिनं अण्णांना विचारलं.

"बाजारात."

आत्यानं त्यांचा धुतलेला शर्ट बघितला, वरचं बटण बघितलं. पिशवी नव्हती.

"काय आणलंस?"

अण्णा स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांनी तिच्या चादरीची दुमड सरळ केली.

"वांगं परत मागायला गेलो होतो, आक्का," ते म्हणाले. "दिलं नाही."

आत्यानं त्यांचा हात घेतला आणि त्या दोऱ्याची सैल झालेली गाठ नखानं घट्ट करत बसली. नीट बसेना. तिच्या बोटांत जोर नव्हता. शेवटी मी बांधून दिली.

तेरावा झाला, आणि दिवाळी तिच्याविना झाली. भाऊबीजेला मगदुमांची बायको अण्णांना ओवाळायला आली होती. अण्णा पाटावर बसले, ओवाळून घेतलं, आणि तबकात टाकायचे पैसे हातातच धरून आत निघून गेले. मगदूम म्हणाले, असू दे, असू दे. त्याच आठवड्यात पर्याय बदलायची मुदत संपली. अण्णांनी काही बदललं नाही. कार्डावर आता दोन नावं होती आणि त्यांत एकही चूक नव्हती.

दिवाळी संपल्यावर मी अण्णांना सांगितलं. शकुंतलाबाई, आखाड, सगळं. ते ओट्याशी उभे राहून तराजू पुसत होते.

"कार्ड आलं तेव्हा तिला माहीत होतं?"

"हो."

"आणि त्या खिडकीपाशी? माझा हात धरला तेव्हा?"

"हो."

त्यांनी तराजू हुकाला अडकवला. दोन्ही पारडी हलली आणि हळूहळू थांबली. ती पूर्ण थांबेपर्यंत ते बघत राहिले, सवयीनं.

"कागद घे," ते म्हणाले. "अक्षर तुझं चालेल."

मी कागद घेतला. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं, एकही शब्द न बदलता, जसं पूर्वी जप्तीचा पंचनामा सांगायचे. मी लिहून घेतलं. त्या अर्जाची एक प्रत आजही माझ्याकडे आहे, आणि मूळ प्रत कुठल्या खिडकीत द्यायची हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

विषय: चूक पूर्ववत करण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आमच्या कार्डावरील कै. मालन विठ्ठल कणसे यांच्या नात्याची नोंद चुकीची होती व ती आमच्याच अर्जावरून रीतसर दुरुस्त करण्यात आली. त्याबद्दल आमची कोणतीही तक्रार नाही. नाव कमी करण्याचे कारण त्या वेळी 'इतर' असे निवडण्यात आले होते; ते आता आपल्या यादीतील पहिल्या पर्यायाप्रमाणे झाले आहे, याची नोंद घ्यावी. सदर दुरुस्ती करतेवेळी अर्जदारास पूर्ण माहिती नव्हती. तथापि सदर व्यक्तीस ती होती.

तरी सदर दुरुस्ती रद्द करून मूळ चूक, तीत समाविष्ट असलेल्या व्यक्तीसह, आमच्या राहत्या पत्त्यावर पूर्ववत करण्यात यावी, ही नम्र विनंती.